पुढची आणि मागची

"मामा, मी मोडलं नाही. मोडलेलंच होतं, आता ते दिसायला लागलं."

भाची असं म्हणाली तेव्हा मला राग आला होता. आठ महिने रोज पहाटे न चुकता चाललेला माझा प्रोग्राम तिने हातात घेतला आणि दहा मिनिटांत 'सेगमेंटेशन फॉल्ट' म्हणून तो आडवा झाला. दारात माझी धाकटी बहीण, म्हणजे तिची आई, फोन धरून उभी होती. "दादा, आज कोनाले कोनता अध्याय, थे कायीच नाई आलं. बाया वाट पाहून रायल्या."

गुरुवारची सकाळ होती. शेगावात गुरुवारी घरोघरी आधी पोथी उघडते, बाकीची कामं मागून.

बहिणीचा चक्री पारायणाचा गट आहे. दासगणू महाराजांच्या 'श्रीगजाननविजय' ग्रंथाचे अध्याय २१, म्हणून गटात बायकाही २१. पहिल्या दिवशी पहिलीने पहिला अध्याय वाचायचा, दुसरीने दुसरा, असं करत एकविसावीने एकविसावा. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीने त्याच्या पुढचा, आणि एकविसावीकडे पुन्हा पहिला. गटाचं मिळून रोज एक पारायण पुरं होतं, आणि २१ दिवसांत प्रत्येकीचं स्वतःचंही. मधेच कुणाला सुतक येतं, कुणी लेकीच्या बाळंतपणाला जाते, मग बदलीवर दुसरी बाई घ्यावी लागते. वहीत हे सांभाळताना बहिणीची ओढाताण व्हायची. म्हणून मी प्रोग्राम लिहून दिला. रोजची यादी तो काढणार आणि बहीण ती गटावर टाकणार.

मी सी शिकवण्यात नोकरीची सगळी वर्षं घालवलेला माणूस. फिरून पहिल्याशी येणारं चक्र समोर दिसलं की माझ्या हातून सर्क्युलर डबली लिंक्ड लिस्टच उतरणार. प्रत्येक बाईचा एक नोड, त्याला दोन पॉइंटर, एक पुढच्या बाईकडे आणि एक मागच्या बाईकडे. शेवटचीची पुढची म्हणजे पुन्हा सुरुवात. जीसीसी १० पासून सी-मधली नावं थेट देवनागरीत लिहिता येतात, म्हणून पॉइंटरांची नावंही मी 'पुढची' आणि 'मागची' अशीच ठेवली होती. आयुष्यभर 'नेक्स्ट' आणि 'प्रीव्ह' लिहिल्यानंतर स्वतःच्या भाषेत लिहिलेली ती ओळ कंपायलरने मुकाट्याने घेतली, त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

नोडमध्ये आधी नावाला ६४ बाइट, मग रजेची खूण आणि शेवटी दोन पॉइंटर. भाचीने फक्त हा क्रम बदलला होता. पॉइंटर वर, नाव खाली.

"एवढ्याने काय होतं?" मी विचारलं.

"एवढ्याने काही व्हायला नको. झालं, म्हणून तर शोधायला लागले." तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. रजेवर गेलेल्यांना साखळीतून काढणारा फेरा होता तो.

बाई->मागची->पुढची = बाई->पुढची;
बाई->पुढची->मागची = बाई->मागची;
फ्री(बाई);
बाई = बाई->पुढची;

"तिसरी ओळ वाचा मामा, आणि मग चौथी."

वाचली. जी जागा तिसऱ्या ओळीत परत करून टाकली, तिच्यातलाच पत्ता मी चौथ्या ओळीत वाचत होतो. ही चूक मी विद्यार्थ्यांच्या वह्यांत लाल पेनाने किती वेळा खुणावली असेल, त्याची मोजदाद नाही.

"मग आठ महिने चाललं कसं?"

"लिनक्सवर मॅलॉक-फ्री ग्लिबसी सांभाळते. २०१७ मध्ये, २.२६ आवृत्तीपासून, तिच्यात टीकॅश नावाची सोय आली. लहान तुकडा फ्री केला की तो हाताशी ठेवते, आणि त्या तुकड्याच्या अगदी सुरुवातीला स्वतःच्या खुणा लिहिते. आताच्या आवृत्त्यांत ६४ बिटांच्या मशीनवर पहिले १६ बाइट. तुमच्या नोडमध्ये तिथे नाव होतं. नाव खराब झालं, पण जाणाऱ्या बाईचं नाव कोण छापतंय? 'पुढची' होती ७२ बाइट सोडून, ती शाबूत राहिली. मी ती वर आणली आणि खुणा नेमक्या तिच्यावर पडल्या."

म्हणजे भाड्याचं घर सोडल्यावरही मी त्याच घरात शिरून भिंतीवर लिहिलेला पत्ता वाचून येत होतो. नवा भाडेकरू पुढच्याच खोलीत राहत होता, म्हणून गाठ पडली नव्हती. दुरुस्ती एका ओळीची आहे. फ्री करण्याआधी 'नंतरची' नावाच्या वेगळ्या पॉइंटरमध्ये पुढचीचा पत्ता काढून ठेवायचा. लिनक्सच्या कर्नलमध्ये नोड काढत काढत यादी फिरण्यासाठी याच कारणाने वेगळा मॅक्रो आहे. अॅड्रेस सॅनिटायझर लावून कंपाइल केलं असतं तर पहिल्याच दिवशी ओळ क्रमांकासह ही चूक पुढ्यात आली असती. मी लावलं नव्हतं. चालणारा प्रोग्राम बरोबरच आहे असं मी धरून बसलो होतो.

तोवर भाचीने त्या दिवसाची यादी कागदावर दोन मिनिटांत लिहून आईच्या हातात दिली होती.

"आई, आणखी एक सांग. कुणाला तोच अध्याय दोन दिवस लागोपाठ आला होता का गं?"

"हाव, आला नं. मांगच्या महिन्यात चौघीले कालचाच अध्याय आजबी आला. मनलं महाराजाईची इच्छा असन. वाचला परत."

मी गप्प झालो. कारण लगेच दिसलं. त्या महिन्यात सतरावी बाई रजेवर गेली होती. मी तिचा नोड काढला आणि बदलीवालीला साखळीच्या शेवटी जोडलं. अठरावी सतराव्या जागी आली, एकोणिसावी अठराव्या. दिवस एकाने पुढे गेला आणि जागा एकाने मागे, त्यामुळे चौघींचा अध्याय होता तिथेच राहिला. ही चूक पॉइंटरची नव्हती. विचाराची होती.

"मामा, यात कायम काय आहे? जागा. एकवीस जागा आहेत आणि त्या कधी बदलत नाहीत. बदलतात माणसं. तुम्ही साखळी माणसांची केलीत." तिने त्याच कागदाच्या मागे लिहिलं: अध्याय = (जागा + दिवस) % २१ + १, दोन्ही मोजणी शून्यापासून. "एकवीस नावांचा साधा अॅरे. सुतक आलं, त्या जागी दुसरं नाव. मॅलॉक नाही, फ्री नाही, चक्र त्या टक्क्याच्या खुणेत आहे."

"बदलीवालीला मी नेमकी त्याच फटीत बसवलं असतं, तर लिस्टनेही बरोबर उत्तर दिलं असतं."

"दिलं असतं. पण 'नेमकी त्याच फटीत' म्हणताना तुम्हीही जागेबद्दलच बोलताय."

पारायणापुरतं तिचं बरोबर होतं, आणि ते मी तेव्हाच मान्य केलं. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. तिचं म्हणणं, ही लिस्ट आता शिकवायचीच कशाला? प्रोसेसर मेमरीतून एकेक बाइट आणत नाही, बहुतेकांत ६४ बाइटांची एक ओळ एका दमात येते. अॅरे सलग असतो, ओळ आली की पुढची नावंही सोबत येतात. साखळीतला नोड कुठेही पडलेला असतो. प्रत्येक पाऊल नवा पत्ता, प्रत्येक पत्त्याला थांबणं. शिवाय चार बाइटांच्या आकड्यासाठी सोळा बाइटांचे पॉइंटर वागवायचे. "पोरं तीन तास बाण काढण्यात घालवतात आणि कामावर आली की अॅरेच वापरतात."

इथे मात्र मला बोलणं भाग होतं. माझा अनुभव उलटा आहे. विद्यार्थ्याला पॉइंटर 'पत्ता' म्हणून पाठ असतो, पण पॉइंटर हे दोघांमधलं नातं आहे, हे त्याला पहिल्यांदा कळतं ते दुहेरी साखळीत. तिथे एक नियम कायम पाळावा लागतो, तो असा की माझ्या पुढचीची मागची मीच असले पाहिजे. नोड घालताना चार बाण बदलतात, आणि हा नियम मधल्या एखाद्या क्षणी मोडून पुन्हा जुळवावा लागतो. कुठला बाण आधी हलवला तर जुना पत्ता हरवेल, याचा विचार कागदावर केल्याशिवाय होत नाही. प्रोग्रामची अवस्था क्षणाक्षणाने पाहायची सवय मुलांना लावणारा एवढा छोटा दुसरा धडा मला माहीत नाही.

मी तिला म्हटलं, "तुझी ग्लिबसीच घे. फ्री झालेले जे तुकडे टीकॅशसारख्या हाताशी ठेवलेल्या यादीत राहत नाहीत, त्यांतले बरेच ती कशात ठेवते?"

ती थांबली. "सर्क्युलर डबली लिंक्ड लिस्टमध्ये."

"आणि 'करप्टेड डबल-लिंक्ड लिस्ट' असा संदेश कधी येतो?"

"तुकडा काढताना ती तपासते. मागच्याचा पुढचा मीच आहे का, पुढच्याचा मागचा मीच आहे का. नसेल तर प्रोग्राम तिथेच थांबवते." मग स्वतःच म्हणाली, "ती तपासणी आधी नव्हती. २००० साली सोलर डिझायनर या टोपणनावाच्या संशोधकाने दाखवून दिलं, की त्या दोन पॉइंटरांत खोटे पत्ते भरले तर काढण्याच्या त्याच दोन ओळी मेमरीत हव्या त्या ठिकाणी हवं ते लिहून देतात. तपासणी त्यानंतर आली."

म्हणजे जो मॅलॉक लावून मुलं अॅरे मागतात, त्याच्या पोटातही हीच साखळी आहे. ती कशी मोडते हे माहीत नसलेल्या माणसाने तो संदेश वाचला, तर त्याला त्यात काय कळणार?

चहा झाला. बहीण म्हणाली, आता भांडण देवळात करा. निघालो.

शेगावात सी-बद्दल रस्त्यात बोललं तर कुणी वळून पाहत नाही. १९८३ साली इथे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं, तेव्हापासून गावाला वारकऱ्यांची सवय आहे तशी इंजिनिअर पोरांचीही. आम्ही दर्शनबारीत शिरलो. गुरुवार असल्याने रांग बरीच मोठी होती आणि वेळच वेळ होता.

मी तिला माझ्या आवडीची गोष्ट सांगू लागलो, सेंटिनेलची. सरळ साखळीत शेवटी नल असतो, आणि त्या नलपायी एक नोड काढायचा तर चार प्रकार सांभाळावे लागतात: एकच आहे, पहिला आहे, शेवटचा आहे, मधला आहे. परीक्षेत मुलं हमखास चुकतात ती एकुलता एक नोड काढताना. चक्राकार साखळीत एक नोड नुसता खुंटा म्हणून ठेवायचा, त्यात माहिती काहीच नाही. यादी रिकामी असली की खुंट्याची पुढची तोच आणि मागचीही तोच. मग काढण्याच्या दोन ओळी सगळीकडे त्याच राहतात, त्यात एकही 'जर' लागत नाही. लिनक्सच्या कर्नलमधली यादी अशीच आहे. खुंट्याची पुढची खुंटाच असेल, तर यादी रिकामी.

"वर्गात कसं सांगायचात?"

"हात धरायला लावायचो. गोल करून उभे राहा, उजव्या हाताने शेजारच्याचा डावा हात धरा. एकेकाला बाहेर काढत गेलो की शेवटी एकटाच उरतो. त्याचा उजवा हात कुणाला धरणार? स्वतःच्याच डाव्याला." मी हात जोडून दाखवले. रांगेतल्या पुढच्या आजींना वाटलं मी कळसाला नमस्कार केला, त्यांनीही केला.

भाचीही क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "छान आहे. पण त्या खुंट्याचंही दुखणं आहे, मामा." २०२२ मधली गोष्ट तिने सांगितली. कर्नलमध्ये यादी फिरण्याचा मॅक्रो असा, की हवी ती वस्तू सापडली नाही आणि फेरा पुरा झाला, तर फिरता पॉइंटर खुंट्यापाशी येऊन थांबतो. पण त्याचा प्रकार मात्र यादीतल्या खऱ्या वस्तूचा असतो. म्हणजे खुंट्याला कुणी माणूस समजून त्याचं नाव विचारलं, तर शेजारची भलतीच मेमरी उत्तर देते. अशा जागा सापडू लागल्यावर तो पॉइंटर फेऱ्याच्या आतच घोषित करावा अशी चर्चा झाली. त्याला सी-ची १९८९ची जुनी आवृत्ती आड येत होती. त्यावरून लिनक्सचे जनक टोरवाल्ड्सनी कर्नल सी-११ वर नेला, ५.१८ आवृत्तीत.

"एवढ्या मोठ्या प्रकल्पाला भाषेची आवृत्ती बदलावी लागली, ती तुमच्या या चक्रामुळे. नलवर पाय पडला तर प्रोग्राम निदान तिथल्या तिथे पडतो. चक्रात शेवट सापडत नाही, तेव्हा तो पुढे चालत राहतो."

हे मला माहीत नव्हतं, आणि यावर माझ्याकडे उत्तरही नाही. खुंट्याने जे सोपं केलं त्याची ही किंमत आहे, आणि मी वर्गात ती कधी सांगितली नाही.

तेवढ्यात आमच्या मागची बाई पोराला पाणी पाजायला बाहेर पडली. जाताना मला म्हणाली, "भाऊ, आमी तुमच्या मांगं हावो बरं." तिच्या मागच्या काकांनाही तिने तेच सांगितलं.

"हे बघ," मी म्हणालो. "रांग मिटली. पण तिला तिचा पुढचा ठाऊक आहे आणि मागचाही. नोड काढला तरी त्याचे स्वतःचे दोन बाण शाबूत असतात. परत घालायला कुठेही शोधावं लागत नाही."

बाई->मागची->पुढची = बाई;
बाई->पुढची->मागची = बाई;

ही युक्ती हितोत्सुमात्सु आणि नोशिता या दोन जपानी संशोधकांनी १९७९ मध्ये वापरली. डोनाल्ड क्नुथनी २००० साली तिच्यावर 'डान्सिंग लिंक्स' हा लेख लिहिला. कोडं सोडवताना पर्याय काढून पाहायचा, जमलं नाही तर होता तिथेच परत ठेवायचा. सुडोकू सोडवणारे कितीतरी प्रोग्राम यावर चालतात. अॅरेमधून काढलेली गोष्ट परत तिच्या जागी ठेवायची तर सगळ्यांना सरकवावं लागतं. इथे दोन ओळी. फ्री मात्र करायचं नाही, माझी सकाळची चूक हीच होती.

"उलट्या क्रमाने," भाची म्हणाली.

"हो, उलट्या क्रमाने. शेवटी काढलेला आधी परत."

"आणि ती अट रांगेतल्या माणसांना कोण सांगणार?" तिने बोटांवर मांडून दाखवलं. अ, ब, क, ड. ब गेली, मग क गेली. ब आधी परतली. तिच्या आठवणीत पुढची अजूनही क. अ-वरून पुढे निघालात तर अ, ब, क, ड, म्हणजे न आलेली क मोजली गेली. ड-वरून मागे निघालात तर ड आणि लगेच अ, म्हणजे आलेली ब गायब. "पुढून मोजली तर रांग चौघींची, मागून मोजली तर दोघींची. तुम्हाला तिची आठवण आवडते. मला भीती तिचीच वाटते. बाहेर गेलेल्याची आठवण जुनी होत जाते."

मी मागे पाहिलं. आमच्या मागचे काकाही आता जागेवर नव्हते, बाजूला फोनवर बोलत होते. ती बाई पोराला घेऊन परत आली, मला पाहिलं, आणि माझ्या मागे आता उभ्या असलेल्या तरुणाला सरळ विचारलं, "येथं निळ्या शर्टवाले काका होते, थे कुठं गेले?" त्याने बोट दाखवलं. ती मधे उभी राहिली आणि काकांसाठी आपल्या मागे एक माणूस मावेल एवढी जागा धरून ठेवली.

"बघितलंस?" मी म्हणालो.

"बघितलं. तिने तपासून घेतलं आणि मगच उभी राहिली. ग्लिबसीला हे करायला किती वर्षं लागली." ती हसली. मग बराच वेळ आम्ही नुसते पुढे सरकत राहिलो.

दर्शन झालं. प्रसादाला पिठलं-भाकरी होती. जेवता जेवता मी विचारलं, तुझ्या कामात ही साखळी खरंच कधीच नाही? ती पंप चालू-बंद करणाऱ्या नियंत्रकांचा प्रोग्राम लिहिते.

"आहे," ती म्हणाली. "टायमरांची. बत्तीस टायमर. कुठला कधी सुरू होईल, मधेच कधी रद्द होईल, काही सांगता येत नाही. रद्द करायचा तर शोधत बसायला वेळ नसतो, हातातला टायमर तिथल्या तिथे सुटून यावा लागतो. म्हणून चक्राकार, दुहेरी, आणि खुंट्यासकट. पण मॅलॉक नाही. तेहतीस नोडांचा एक अॅरे, आणि पॉइंटरच्या जागी नुसते क्रमांक, एकेक बाइटाचे. पॉइंटर ठेवले असते तर त्या चिपवर कड्यांनाच २६४ बाइट लागले असते. आता ६६ लागतात. आणि क्रमांक ३२ च्या वर गेला की चूक तिथेच पकडता येते."

"म्हणजे अॅरेत मांडलेली लिस्ट."

"तुमच्याचकडे शिकले होते की दहावीच्या सुट्टीत. बाण काढून काढून."

हे तिने सकाळी सांगितलं नव्हतं. मीही सकाळी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी घरी बसून आम्ही प्रोग्राम नव्याने लिहिला. एकवीस जागांचा अॅरे तिने लिहिला, आठ-दहा ओळींत संपला. बदलीवर यायला तयार असलेल्या बायकांची यादी मात्र मी साखळीतच ठेवली. त्या किती असतील हे ठरलेलं नसतं, मधलीच एखादी नको म्हणते, आणि जी वाचून मोकळी होते ती शेवटी जाऊन पुन्हा उभी राहते. तिथे तिने हरकत घेतली नाही. फक्त काढण्याच्या दोन ओळींच्या वर दोन तपासण्या घालायला लावल्या, आणि कंपाइल करताना सॅनिटायझर. रजेवरून परतणाऱ्या बाईने कुठे बसायचं यावर आमचं एकमत झालं नाही. माझं म्हणणं, तिच्या जुन्याच जागी. भाचीचं म्हणणं, बदलीवालीचे २१ दिवस पुरे झाल्याशिवाय तिला उठवायचं नाही. शेवटी बहिणीला विचारलं.

"तिचं पारायण अर्ध्यात नोको तोडू बापा," बहीण म्हणाली. "आलेली थांबते नं. तिले सांगू आपण."

त्याप्रमाणे लिहिलं. पॉइंटरांची नावं पुढची आणि मागची अशीच ठेवली. रात्रीच्या गाडीला भाचीला बसवून आलो, आणि पहाटे यादी काढून पाहिली. एकवीस नावं, एकवीस अध्याय, कुणालाच कालचा नाही. बहिणीने ती गटावर टाकली तेव्हा साडेपाच वाजले होते.